गाण्याच्या यंत्राचा पडदा



आज एका लहानशा यंत्राविषयी बोलायचे आहे. हे यंत्र खिशात मावते. त्यात गाणी साठवतात आणि कानाला लावून ऐकतात. त्याचे नाव आयपॉड. पहिला आयपॉड २००१ साली निघाला. त्यात हजार गाणी मावत. २०२२ साली कंपनीने ही यंत्रे बंद केली. पण जुनी यंत्रे अजून घराघरांत आहेत.

असे एक यंत्र आमच्या भजनी मंडळातल्या आजींकडे आहे. २००५ साली निघालेल्या नमुन्याचे. पुण्याच्या मुलाने दिलेले. आजींचे मालक मंडळाचे बुवा होते. मुलाने त्यांची ४० भजने संगणकावर उतरवून या यंत्रात भरली. भजनांना नावे न देता आकडे दिले. कोणत्या आकड्याला कोणते भजन, ते एका वहीत लिहिले. पुढे बुवा वारले. मुलाचा संगणकही बिघडला. बुवांचा आवाज उरला तो एवढ्या यंत्रात.

आधी नातू भजन लावून द्यायचा. मग आजी आपल्या वर्गात आल्या. अक्षरे शिकल्या, इंग्रजी आकडेही शिकल्या. वहीत बघायच्या आणि १७ म्हटले की १७ लावायच्या. कुणाची मनधरणी नको!

एक दिवस यंत्र हातातून सुटले ते फरशीवर. पडद्यावर शाई सांडावी तसा काळा डाग पसरला. चाक फिरवले की टिकटिक व्हायची, पण आकडा दिसेना. तालुक्याच्या एका दुकानात दाखवले. दुकानदार म्हणाला, "टाकून द्या आजी, नवा मोबाइल घ्या." आजी तशाच आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "वाचायला शिकले, अन् वाचायचंच गेलं बघा."

आम्ही त्यांना आधी एवढेच सांगितले, की पडदा फुटला म्हणजे गाणी गेली असे नव्हे. गाणी असतात आतल्या फिरत्या चकतीवर. पडद्याचे काम फक्त दाखवायचे. घराची खिडकी फुटली म्हणून कणगीतले धान्य जात नाही.

हा पडदा म्हणजे दोन पातळ काचा. त्यांच्यामध्ये एक द्रव असतो. वीज लागली की त्याचे कण वळतात. कुठे मागचा उजेड अडतो, कुठे सुटतो. त्यातून अक्षर उमटते. अशा द्रवाचा गुण १८८८ साली राइनित्झर नावाच्या शास्त्रज्ञाच्या ध्यानात आला, तोही गाजरातून काढलेल्या पदार्थावर काम करताना! काच आतून फुटली की तो द्रव जागचा हलतो आणि डाग पडतो. डाग नसेल, नुसते वर ओरखडे असतील, तर पडदा बदलायची गरज नाही.

आता आमची एक चूक सांगतो. वर्गातल्या एका पोराने घाईने ते यंत्र आमच्या संगणकाला जोडले. संगणकाने इंग्रजीत विचारले, "यातले सगळे पुसून नवे भरू का?" पोर 'हो' दाबणार, तेवढ्यात आमची नजर गेली. आम्ही 'नाही' दाबले आणि वायर काढली. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही.

यंत्राच्या पाठीवर बारीक अक्षरांत नमुन्याचा क्रमांक असतो. आजींच्या यंत्रावर ए११३६ होता. त्याच नमुन्याचा सुटा पडदा मागवला. दुसऱ्या नमुन्याचा चालत नाही.

टेबलावर पांढरे फडके अंथरले. पांढरे अशासाठी, की स्क्रू मोहरीएवढे असतात. काम सुरू करण्याआधी धातूच्या नळाला हात लावला. अंगात साठलेली वीज अशाने निघून जाते. पुढचा भाग आणि पत्र्याची पाठ यांच्या फटीत प्लास्टिकची पातळ पट्टी घातली. चाकू घालू नये. आत बॅटरी असते. तिला टोक लागले तर पेट घेते. बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच हात थांबवावा.

कडेच्या खाचा एकेक सुटल्या. आता पाठ ओढायचा मोह होतो. ओढू नये! बॅटरी आणि कानाच्या वायरीचे भोक, दोन्ही पाठीला असतात. कागदासारख्या पातळ फितींनी ती आत जोडलेली असतात. पूर्वी आम्ही आमचे स्वतःचे यंत्र उघडले तेव्हा पाठ हिसकली आणि फीत टरकन फाटली. ते यंत्र पुन्हा बोलले नाही. म्हणून या वेळी पाठ वहीच्या पानासारखी हळूच उलटली. बॅटरीच्या फितीची चिमुकली खिट्टी वर केली, फीत सोडवली. मग चकती उचलून तिच्याखालची फीत आणि चकतीची स्वतःची फीत सोडवली. चकती वेगळ्या वाटीत ठेवली. तेव्हा आजी म्हणाल्या, "ह्यातच आहेत का हे?" आम्ही होय म्हटले. त्यांनी वाटीवर पदर धरला.

बाजूचे स्क्रू काढले, पडद्याची फीत सोडवली. फुटका पडदा काढून कागदात गुंडाळला, हात साबणाने धुतले. नवा पडदा बसवला. मग सारे उलट्या क्रमाने. यात तासभर गेला. जाणत्याला एवढा लागणार नाही.

कळ दाबली. आधी काहीच दिसेना. बॅटरीची फीत नीट बसली नव्हती. पुन्हा उघडले, फीत बसवली. मग पडदा उजळला.

आजींनी चष्मा पुसला. वही उघडली. चाक फिरवत राहिल्या. १५, १६, १७. एक वायर स्वतःच्या कानाला लावली, एक नातवाच्या.

पुढच्या आठवड्यात एका जाणत्या माणसाकडून ती ४०ही भजने दोन ठिकाणी उतरवून घेतली. खरे तर हे यंत्र उघडण्याआधीच करायला हवे होते.