पेढीची राखण

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या संमेलनात विद्यार्थ्यांचा गुणगौरव होतो, शिष्यवृत्त्या दिल्या जातात, वधूवरांची माहिती वाचली जाते. हे सर्व योग्यच आहे. परंतु ज्या धंद्याच्या मिळकतीतून या शिष्यवृत्त्या निघतात, त्या धंद्याविषयी आपण व्यासपीठावरून क्वचितच बोलतो. आपल्यातील पुष्कळ कुटुंबे लहान कारखाने, दुकाने आणि पेढ्या चालवितात. अशा घरात धंदा आणि संसार यांच्यामध्ये भिंत नसते. तिजोरीला लागलेली झळ थेट चुलीपर्यंत पोहोचते. यास्तव ई-मेलवरून होणारी फसवणूक, विजेचे बिल आणि धंद्याचे धोरण या तीन गोष्टी आज आपल्यापुढे मांडण्याचे मी योजिले आहे.

प्रथम फसवणुकीविषयी. हा चोर कुलूप फोडीत नाही. तो आपल्या किंवा आपल्या व्यापाऱ्याच्या ई-मेलचा पासवर्ड हस्तगत करतो आणि आठवडेच्या आठवडे मुकाट्याने पत्रव्यवहार वाचीत बसतो. कोणाचा माल आला, किती देणे आहे, पत्राची भाषा कशी असते, हे सारे त्याला कळते. पैसे देण्याचा दिवस जवळ आला की, पत्त्यात एखादेच अक्षर बदललेले पत्र येते: ‘आमच्या जुन्या खात्याची तपासणी चालू आहे, या वेळची रक्कम सोबतच्या नव्या खात्यावर पाठवावी.’ बिल खरे, आकडा खरा, मालही खरा. खोटा असतो तो केवळ खातेक्रमांक.

हे केवळ भोळ्या माणसांच्या बाबतीत घडते, असे कोणी समजू नये. लिथुआनियातील एव्हाल्डस रिमासाउस्कस या इसमाने २०१३ ते २०१५ या काळात तैवानच्या क्वांटा कॉम्प्युटर कंपनीच्या नावाने खोटी बिले पाठवून गूगल आणि फेसबुक यांच्याकडून १० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम उकळली. २०१९ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याला ५ वर्षांची शिक्षा दिली. त्या कंपन्या या धक्क्याने डळमळल्या नाहीत. परंतु आपल्यासारख्यांच्या पेढीतून एका कच्च्या मालाची रक्कम गेली, तर कामगारांचा पगार अडतो आणि घर गहाण पडते.

आपले पूर्वज या बाबतीत आपल्याहून सावध होते. हुंडीवर रक्कम लिहिताना आकड्याशेजारी ‘निमे’ म्हणजे निम्मी रक्कम लिहून तिची दुप्पट सांगण्याची रीत होती, ती कोणी आकडा बदलू नये म्हणून. शहाजोग हुंडीचे पैसे कोणाही वाटसरूच्या हाती पडत नसत. बाजारात पत असलेल्या शहाकडेच ते दिले जात. कागद खरा दिसला, एवढ्यावर पैसे देणे ही त्या काळीही चूकच समजली जाई.

तीच रीत आज चार नियमांत बांधता येते. पहिला: खातेक्रमांक बदलल्याचे पत्र आले की, आपल्या वहीतील जुन्या नंबरवर दूरध्वनी करून खात्री करावी, पत्रात दिलेल्या नंबरवर कदापि करू नये. दुसरा: ठरावीक रकमेच्या वरचे पैसे दोघांच्या संमतीशिवाय पाठवू नयेत. तिसरा: पैसे पाठविण्यापूर्वी खातेदाराचे नाव पडताळावे. आरटीजीएस व एनईएफटी यांसाठी ही सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत उपलब्ध करून देण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले होते. तिचा उपयोग करावा. चौथा: ई-मेलला दुहेरी पडताळणी लावावी आणि आपली पत्रे परस्पर कोठे पाठविली जात नाहीत ना, हे अधूनमधून पाहावे. इतके करूनही घात झालाच, तर लाजेपोटी घरात बसू नये. तत्काळ बँकेला कळवावे आणि १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यांतून निघून जाण्यापूर्वी गोठविले गेले, तरच परत मिळण्याची आशा असते.

तथापि यापेक्षा महत्त्वाचा एक मुद्दा आहे, आणि वडीलधाऱ्यांची क्षमा मागून तो मी बोलतो. चोर पुष्कळदा मालकाचेच नाव धारण करतो: ‘मी बैठकीत आहे, ताबडतोब पैसे पाठवा, फोन करू नका.’ ज्या घरात मालकाला उलट विचारणे हा उद्धटपणा ठरतो, तेथे हिशेबनीस, धाकटा मुलगा किंवा हिशेब पाहणारी सूनबाई निमूटपणे पैसे पाठविते. आपला दरारा हाच अशा वेळी चोराचा हत्यार बनतो. म्हणून प्रत्येक कर्त्या पुरुषाने आपण होऊन सांगितले पाहिजे की, पैशाच्या बाबतीत मला पुन्हा विचारणाऱ्यावर मी रागावणार नाही.

दुसरी गोष्ट विजेची. विजेचे बिल आपण भरतो, पण वाचीत नाही. मोटर चालू असताना काम न करणारी वीजही तारांतून ओढली जाते. तिचे प्रमाण पॉवर फॅक्टरवरून कळते. महाराष्ट्रात उच्चदाबाच्या ग्राहकांची आकारणी एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर होते. ८,००० युनिट खरे काम झाले आणि पॉवर फॅक्टर ०.८० असला, तर १०,००० युनिटांचे पैसे पडतात. योग्य कपॅसिटर बसवून तो ०.९८ केला, तर सुमारे ८,१६० चेच. लघुदाबाच्या कारखानदारांनीही आपल्या बिलात या कारणास्तव दंड लागतो काय, हे पाहावे.

दिवसाची वेळही महत्त्वाची आहे. २०२३ साली केंद्र सरकारने ग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार सूर्यप्रकाशाच्या वेळेतील वीज स्वस्त आणि चढत्या मागणीच्या वेळेतील महाग ठेवण्याचे तत्त्व आले. आपल्या बिलावरील वेळा पाहून भट्टीचे व पॉलिशचे काम दिवसा घेता येते का, याचा विचार करावा. कारखाना बंद झाल्यावर हवेचा काँप्रेसर थोडा वेळ चालू ठेवून पाहावा. कोणतेही हत्यार चालू नसताना तो वारंवार भार घेऊ लागला, तर नळ्यांतून हवा आणि खिशातून पैसा गळतो आहे असे समजावे. १० अश्वशक्तीची मोटर पूर्ण भाराने रोज १० तास, वर्षाचे ३०० दिवस चालली, तर सुमारे २५,००० युनिट खाते. युनिटला ८ रुपये धरले, तरी हे २ लाख रुपये झाले! मोटर घेताना केवळ तिची किंमत पाहणारा हा खर्च विसरतो.

तिसरी गोष्ट धोरणाची. या शब्दाला कोणी बिचकू नये. काय करावयाचे आणि काय सोडावयाचे, हे वेळेवर ठरविणे म्हणजे धोरण. स्टेनलेस स्टीलने स्वयंपाकघरातून तांब्यापितळेला हटविले, ते एका रात्रीत नव्हे. गिऱ्हाईक कल्हईचा कंटाळा करू लागले होते, हे दुकानात बसणाऱ्याला दिसत होते. ‘आपण हा माल का विकतो?’ असा प्रश्न ज्या पेढ्यांत विचारला गेला, त्यांना वाट शोधावयास अवधी मिळाला.

वर्षातून एकदा तरी कुटुंबाने एकत्र बसून विचारावे: वीज, व्याज आणि उधारी वजा जाता कोणत्या मालात खरा नफा उरतो? निम्म्याहून अधिक विक्री एकाच गिऱ्हाइकाकडे जाते काय? जात असेल, तर मालक तो आहे, आपण नाही. उधारीसंबंधी कायद्याचा आधारही आहे. २००६ च्या कायद्यान्वये नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळावयास हवेत. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट व्याज लागते. उद्यम नोंदणी ज्यांनी केली नसेल, त्यांनी ती अवश्य करावी.

सद्गृहस्थहो, या तिन्ही गोष्टींत बुद्धीपेक्षा सवयीचा भाग मोठा आहे. पत्र आले की विचारावे, बिल आले की वाचावे, वर्ष सरले की हिशेब सर्वांपुढे मांडावा. मंडळाने आपल्या तरुण अभियंत्यांची व हिशेबतपासनिसांची एक लहान समिती नेमून सभासदांची वीजबिले तपासून देण्याची सोय करावी, अशी माझी नम्र सूचना आहे. त्यातून वाचलेल्या पैशाचा काही अंश शिष्यवृत्ती निधीकडे वळला, तर आजचे बोलणे सार्थकी लागेल.