ध्वनिमुद्रिकेचा अंगरखा

गाणे ऐकायचे असते, पाहायचे नसते, हे अगदी खरे. तरीपण माळ्यावर जुन्या तबकड्या असतील, तर एक काढून पाहा. चाल आठवण्याआधी तुम्हांला आठवेल ते तिचे पाकीट. नवख्या गायकाची आणि आपली तर पहिली भेट होते, ती पाकिटावरच.

पूर्वी तसे नव्हते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटांचे गाणे मावे. मोठी रचना चार-पाच तबकड्यांत विभागावी लागे, आणि त्या एका बाडात घालून विकत. ते बाड फोटोंच्या आल्बमसारखे दिसे. म्हणून नाव पडले 'आल्बम'. त्याचे पुठ्ठे बहुधा साधेच असत. १९४०च्या सुमारास अमेरिकेत कोलंबिया कंपनीतल्या अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने त्यांवर चित्रे काढायला घेतली. १९४८ साली दीर्घवादन तबकडी आली आणि चित्रकाराला फूटभर अंगण मिळाले. १९८२ साली सीडी आली, अंगण वीतभर उरले. आज मोबाइलवर ते नखाएवढे झाले आहे!

माझी एक जुनी विद्यार्थिनी मध्यंतरी घरी आली. म्हणाली, "सर, गाणी तयार आहेत. पाकिटाचं काय करू?" पाठीशी कंपनी नाही, शिकवण्या करून साठवलेले पैसे, आणि तीनशे सीडी काढायच्या. तिच्या मामांचे म्हणणे, शालू नेसून तानपुऱ्यासह फोटो काढावा, मागे सूर्यास्त असावा.

मी विचारले, "गाणी कशाची आहेत?"

"आजीच्या जात्यावरच्या ओव्यांच्या चालींवर बांधलीयत."

मग शालू कशाला? आम्ही चित्र ठरवले ते जात्याच्या खुंट्याचे, आणि त्यावरच्या दोन हातांचे. रंग दोनच : दगडाचा काळा आणि जोंधळ्याचा. तिचे नाव एकाच वळणाच्या अक्षरांत पाकिटावर, जाहिरातीच्या फलकावर, मोबाइलवरच्या चित्रावर. म्हणजे कुठेही दिसले तरी ओळख पटावी. आपल्या नागरीत वेलांट्या-मात्रा वर, उकार खाली; चित्र लहान केले की सगळे एकात एक मिसळते. म्हणून अक्षर मोकळे घेतले, आणि नमुना नखाएवढा करून हातभर लांब धरून वाचून पाहिला. डबीच्या कण्यावरही नाव घातले. कपाटात उभी ठेवलेली डबी आपल्याला तेवढीच दिसते.

मुद्रिते मी तपासली. मराठीचा मास्तर; एक वेलांटी चुकू दिली नाही! डब्या छापून आल्या. पेटीवर साथ केलेले वृद्ध बुवा पाहायला आले. त्यांनी चष्मा लावला, पुढची बाजू वाचली, मागची वाचली. डबी हळूच खाली ठेवून म्हणाले, "छान झालंय."

ते गेल्यावर आमच्या लक्षात आले. मागे तबलजीचे नाव होते, चित्रकाराचे होते, माझेसुद्धा होते. बुवांचे नव्हते.

फेरछपाईला पैसे नव्हते. तिने नावाच्या चिठ्ठ्या छापून आणल्या, आणि एका रात्रीत आम्ही दोघांनी तीनशे डब्यांवर त्या चिकटवल्या. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा गाण्याअखेर ती आपले नाव स्वतःच सांगत असे. पेटीवाल्याला तशी सोय नसते. त्याचे नाव पाकिटानेच सांगायचे.

तुमच्या घरात कुणी असा उद्योग मांडला, तर चित्र, रंग, अक्षर यांचा विचार अवश्य करा. पण छापखान्यात कागद धाडण्याआधी मुद्रणाच्या खोलीत बसलेल्या माणसांची यादी मुद्रिताशेजारी ठेवा, आणि माणसे मोजा.

त्या तीनशेंतली एक डबी माझ्या टेबलावर आहे. चिठ्ठी जरा तिरकी बसली आहे. ती मीच चिकटवलेली.