विल्सन धरणातले विल्सन

भंडारदऱ्याला गेल्यावर छत्री धबधबा न पाहता सहसा कोणी परतत नाही. धरणातून सोडलेलं पाणी गोलाकार खडकावर आदळतं आणि उघड्या छत्रीसारखं चहूबाजूंनी खाली झेपावतं. या धरणाला नाव आहे विल्सन धरण. कोण होते हे विल्सन?

सर लेस्ली विल्सन यांचा जन्म १८७६ चा. ऐन तारुण्यात ते रॉयल मरीन दलात दाखल झाले, बोअर युद्धात जखमी झाले आणि पराक्रमाचं पदक मिळवलं. पुढे ते ब्रिटिश संसदेत निवडून गेले. पहिलं महायुद्ध पेटलं, तेव्हा ते बर्कशायरच्या रॉयल हॉर्स आर्टिलरीत, म्हणजे घोड्यांनी ओढायच्या तोफांच्या दलात कॅप्टन होते. नंतर हॉक बटालियनचं नेतृत्व करत ते गॅलिपोलीत लढले. १९१६ मध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर ते गंभीर जखमी झाले.

१९२३ मध्ये ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. प्रवरा नदीवरच्या या धरणाचं काम १९१० पासूनच सुरू होतं. १० डिसेंबर १९२६ रोजी त्यांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि त्यांचंच नाव धरणाला मिळालं. पुढे ते ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडचे गव्हर्नर झाले. १९५५ मध्ये त्यांचं निधन झालं.

सुमारे ८२ मीटर उंचीची ही दगडी भिंत मात्र उभी राहिली ती असंख्य मजुरांच्या घामातून. तिनं अडवलेल्या पाण्यावर प्रवराकाठचा ऊस पिकतो. म्हणून विल्सन यांचं नाव घेताना त्या अनाम हातांचंही ऋण आपण मानलंच पाहिजे.