पानातले आणि पानाखालचे

डमडम हे नाव जगाच्या कानी पडले ते बंदुकीच्या गोळीमुळे. कलकत्त्याच्या उत्तरेस वसलेल्या या गावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अंगात शिरताच पसरणारी एक गोळी तयार झाली. १८९९ साली हेग येथील परिषदेने तशा गोळ्यांचा युद्धातील वापर निषिद्ध ठरविला. पुढे विमानतळाने गावाला नवी ओळख दिली. तथापि गावच्या रोजच्या जीवनात गोळीलाही स्थान नाही आणि विमानालाही फारसे नाही. तेथील खरी वर्दळ असते ती संध्याकाळी, जेसोर रोड आणि डमडम रोड जेथे मिळतात त्या नागेरबाजारच्या नाक्यावर. तेलेभाजा, घुगनी, फुचका, रोल, बिर्याणी, आणि शेवटी गोड म्हणून संदेश किंवा मिष्टी दोई: बंगाली माणसाच्या जिव्हेचे सारे लाड येथे पुरविले जातात.

या लाडांचे दोन अवशेष मागे राहतात. एक पानात टाकलेले अन्न, आणि दुसरे ते पान स्वतः. म्हणजे पेला, द्रोण, पिशवी, डबी आणि चमचा. खाणे दहा मिनिटांत संपते. वेष्टनाचे आयुष्य मात्र खाणाऱ्याच्या आयुष्याहून मोठे असू शकते. डमडमच्या बाबतीत हा प्रश्न केवळ स्वच्छतेचा नाही. वस्ती दाट आणि जमीन सखल. पावसाचे पाणी वाहून नेण्याचा मोठा भार बागजोला खालावर. खालाच्या तोंडाशी पिशव्या साचल्या की पाणी रस्त्यावर येते, आणि सर्वांत आधी शिरते ते पदपथालगतच्या त्याच छोट्या दुकानांत. या परिसरातील नगरपालिकांचा कचरा वर्षानुवर्षे प्रमोदनगरच्या उकिरड्यावर रचला गेला. तेथे उष्टे अन्न आणि प्लास्टिक एकत्र पडले, आणि दोहोंनी एकमेकांचा नाश केला. निव्वळ उष्ट्याचे खत झाले असते, निव्वळ प्लास्टिक पुन्हा वितळविता आले असते. एकत्र आल्यावर दोहोंचेही काही होत नाही. म्हणून अन्नाची नासाडी आणि वेष्टनाचा कचरा हे वरवर दोन दिसणारे प्रश्न वस्तुतः एकच आहेत.

बंगालला ही विद्या नवी नव्हती. चहासाठी मातीचे भाँड, फुचक्यासाठी शालाच्या पानांचा द्रोण, मुरमुऱ्यांसाठी जुन्या कागदाचा ठोंगा आणि दह्यासाठी मडके, असा तेथील दुकानदाराचा संसार होता. पळसाच्या पत्रावळीवर पंगती उठविणाऱ्या महाराष्ट्राला तो अपरिचित वाटू नये. बांकुडा, पुरुलिया, झाडग्राम या भागांत शालाची पाने गोळा करून ती टाचण्यावर अनेक आदिवासी स्त्रियांचा चरितार्थ चालतो. प्लास्टिकने त्यांच्या पोटावरही पाय दिला आहे.

परंतु जुने ते सारे निर्दोष, असे मानणे भाबडेपणाचे होईल. भाजलेली माती पुन्हा माती होत नाही. खुद्द डमडममध्येच, क्लाइव्ह हाऊस ज्या टेकाडावर उभे आहे तेथे या शतकाच्या आरंभी पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले, तेव्हा प्राचीन काळच्या मातीच्या भांड्यांचे तुकडे हाती लागले. शतके लोटली तरी खापर खापरच राहते. ते विषारी नसते, एवढाच त्याचा मोठा गुण. पण ते भाजण्यास जळण लागते आणि घडविण्यास चांगली माती लागते. कागदी पेल्याची गोष्ट तर अधिक फसवी आहे. त्याच्या आतील बाजूस बहुधा प्लास्टिकचा पातळ थर असतो. खरगपूरच्या आय.आय.टी.मधील संशोधकांना २०२० साली असे आढळले की, अशा पेल्यात १०० मिलिलिटर गरम पाणी १५ मिनिटे ठेवले असता त्यात प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात.

शासनाने या बाबतीत काही केले नाही, असे म्हणता येणार नाही. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे पेले, ताटल्या, चमचे, नळ्या, इतकेच नव्हे तर मिठाईच्या खोक्याभोवतीचे पातळ वेष्टनही देशभर निषिद्ध झाले. त्याच वर्षाच्या अखेरीपासून १२० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवरही बंदी आली. परंतु निषेध हे अर्धे काम होय. बंगालला याचा एक जुना अनुभव आहे. १९६५ साली दुधाची टंचाई होती म्हणून प्रफुल्लचंद्र सेन यांच्या सरकारने छेन्याच्या मिठाईवरच बंदी घातली. हेतू वाईट नव्हता. परंतु हलवायाने दुसऱ्या दिवशी चुलीवर काय चढवावे, याचे उत्तर त्या आज्ञेत नव्हते. ती आज्ञा टिकली नाही. ज्याच्यावर नियम लादावयाचा त्याच्या हाती पर्याय ठेवला नाही, तर तो नियम मोडतो किंवा माणूस मोडतो.

मग पर्याय कोणता? प्रथम हिशेब. एखादा चहावाला दिवसाला ३०० पेले देत असेल आणि वर्षातून ३०० दिवस दुकान उघडत असेल, तर ९०,००० पेले उकिरड्यावर जातात. पेल्यामागे पन्नास पैसे धरले तरी ती रक्कम ४५,००० रुपये होते. काचेचे पेले ठेवले तर ही रक्कम वाचते. मात्र ते विसळावयास पाणी आणि माणूस हवा. गाड्यावरच्या विक्रेत्याजवळ नळ नसतो, त्याला ‘पेले धुवून वापर’ असे सांगणे म्हणजे उपदेशाने तहान भागविणे होय. खाद्यपदार्थांच्या गल्लीत नगरपालिकेने स्वच्छ पाण्याची आणि भांडी धुण्याची सामाईक सोय करावी, हे साहाय्य शंभर सूचनाफलकांहून अधिक मोलाचे आहे.

घरी न्यावयाच्या अन्नासाठी मुंबईने १८९० पासून एक धडा घालून ठेवला आहे. महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या डबेवाल्यांच्या व्यवस्थेत डबा जातो आणि तोच डबा परत येतो. उकिरड्याला त्यातून काही मिळत नाही. अनामत घेऊन डबा द्यावा आणि तो परत येताच अनामत फेडावी, एवढ्यावर ही रीत कोणत्याही मोहल्ल्यात चालू शकेल. जर्मनीने २०२३ च्या आरंभापासून उपाहारगृहांवर असे परतीचे भांडे उपलब्ध ठेवण्याचे बंधन घातले. मात्र अगदी छोट्या दुकानांना त्यातून सूट देऊन, गिऱ्हाइकाने आणलेल्या भांड्यात पदार्थ भरून देणे एवढेच त्यांच्याकडे सोपविले. लहानाचा भार लहानाच्या खांद्याइतकाच ठेवण्याचा हा विवेक अनुकरणीय आहे.

अन्नाच्या नासाडीचा उपायही तराजूपासूनच सुरू होतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील २८ टक्के खाणावळी आणि उपाहारगृहांतून. रात्री दुकान बंद करताना किती भात उरला आणि गिऱ्हाइकांच्या पानात किती उष्टे राहिले, हे दोन आकडे दुकानदाराने पंधरा दिवस वेगवेगळे लिहून ठेवले, तर रोग कोठे आहे ते त्याला कळते. पहिला आकडा मोठा असेल तर अंदाज चुकतो आहे, दुसरा मोठा असेल तर वाढप मोठे आहे. अर्ध्या बिर्याणीचा भाव फलकावर लिहिणे, उरलेला माल रात्री उशिरा कमी किमतीत विकणे, हे उपाय फुकटचे आहेत. हलवायाचा धंदा या बाबतीत उपजत काटकसरी आहे. छेना काढल्यावर उरलेले आंबट पाणी तो पुढच्या दुधाला फाडण्यासाठी राखून ठेवतो. एवढे करूनही चांगले अन्न उरले, तर ते गरजूंपर्यंत सुरक्षित कसे पोचवावे याचे नियम २०१९ सालीच झाले आहेत. उणीव आहे ती वेळेवर येणाऱ्या वाहनाची.

आपल्याकडे पानात टाकू नये, असे मुलांना शिकविण्याची रीत आहे. ती शिकवण आता पानाखालच्या वस्तूलाही लागू करण्याची वेळ आली आहे. मात्र ती केवळ दुकानदाराला शिकवून भागणार नाही. विक्रेता गिऱ्हाइकाला जे हवे तेच देतो. घरून डबा घेऊन निघणारा ग्राहक, नळ देणारी नगरपालिका आणि तराजू हाती घेणारा विक्रेता, या तिघांनी आपापला वाटा उचलला, तर पावसाळ्यात बागजोलाचे पाणी दुकानाच्या पायरीशी येण्याचे प्रसंग कमी होतील, आणि महिन्याच्या शेवटी गल्ल्यात चार पैसे अधिक उरतील.