ग्वानाह्वातो: निळा ठिपका आणि वरचा जिना

आजचा एपिसोड जरा छोटा आहे, कारण निम्मं रेकॉर्डिंग बोगद्यात केलं आणि त्यात गाड्यांच्या घोंघाटाशिवाय काही ऐकू येत नाही. ते मी उडवलंय. उरलं ते ऐका.

मेक्सिकोतलं प्रोजेक्टचं काम संपलं आणि परतीच्या विमानाआधी चार दिवस हातात होते. टीममधली बाकीची मंडळी कानकूनच्या बीचवर गेली. मी मेक्सिको सिटीहून साधारण पाच तासांची बस पकडून ग्वानाह्वातोला गेलो. चांदीच्या खाणींवर उभं राहिलेलं शहर, साधारण 2000 मीटर उंचीवर. पहिल्याच जिन्यावर धाप लागली. आणि म्हणे मी सिंहगड चढतो!

माझं रोजचं काम लोकेशनवाल्या ॲपचं, म्हणून ही गंमत मला जास्त लागली. शहर वसलंय एका घळीत. मधून नदी वाहायची आणि पुरात गावाची वाट लावायची. म्हणून ती जमिनीखाली नेली. विसाव्या शतकात तिच्या जुन्या पात्रातून गाड्यांचा रस्ता काढला. म्हणजे खाली दगडी कमानींतून गाड्या आणि वर घरं. मॅपवर दोन्ही एकाच जागी! निळा ठिपका म्हणतो पोहोचलात, आणि हॉटेल आपल्या डोक्यावर. अर्धा तास मी तिथेच घिरट्या घालत होतो. शेवटी एका भाजीवाल्या मावशींनी मला फोन खिशात टाकायची खूण केली आणि बोट वर केलं. "आर्रिबा." म्हणजे वर. पुढचे चार दिवस तेवढं स्पॅनिश पुरलं.

ती 68 सेंटिमीटरची प्रसिद्ध 'चुंबनाची गल्ली' पाहिली. सेल्फीची रांग गल्लीपेक्षा मोठी, मी सटकलो.

खरा थांबलो तो अल्होंदिगाशी. हे धान्याचं कोठार. 28 सप्टेंबर 1810 ला बंडखोर चालून आले तेव्हा शहरातले स्पॅनिश लोक चांदीसकट इथे कोंडून बसले होते. तेव्हा म्हणे 'पिपिला' नावाचा एक खाणकामगार पाठीवर दगडी फरशी बांधून, गोळ्या झेलत दारापर्यंत गेला आणि दार पेटवलं. कोठार पडलं, आत मोठी कत्तल झाली. पुढच्या वर्षी इदाल्गोसह चार पुढाऱ्यांची मुंडकी याच इमारतीच्या चार कोपऱ्यांवर लोखंडी पिंजऱ्यांत टांगली. 1821 पर्यंत, म्हणजे दहा वर्षं, ती तिथेच होती. खाली बाजार भरत असणारच. लोक मान वर न करता भाजी घेत असतील का?

तिसऱ्या दिवशी ममी म्युझियमला गेलो. सगळे सांगत होते, बघच. इजिप्तसारखं काही नाही हं. इथल्या दफनभूमीत कबरीचे पैसे नातेवाइकांनी भरले नाहीत तर प्रेत बाहेर काढायचे. 1865 पासून काढली. कोरड्या जागेमुळे काही आपोआप सुकून टिकली होती, ती काचेत मांडली. एकदम छोटी बाळंही आहेत. शेजारचा मुलगा फोटो काढत होता. मी तिकीट काढूनच आत गेलो होतो, त्यामुळे त्याला काय बोलणार?

दहा मिनिटांत बाहेर आलो. बाबांच्या वेळची स्मशानभूमीची पावती अजून माझ्या फोनच्या गॅलरीत आहे. ते पैसे मी यूपीआयने भरले होते, दोन सेकंदांत. तेव्हा खात्यात पैसे होते, एवढंच.

संध्याकाळी सात वाजता पिपिलाच्या पुतळ्याखाली बसून आईला फोन लावला. तिकडे सकाळचे साडेसहा. म्युझियमचं सांगितलं नाही. एन्चिलादास मिनेरास खाल्ले म्हटलं, खाणकामगारांचं खाणं, लाल मिरचीत बुडवलेल्या मक्याच्या पोळ्या आणि वरून बटाटा-गाजर.

"म्हणजे भाजी-पोळीच की," आई म्हणाली. "थांब, दूध उतू जातंय."

मी थांबलो. खाली दिवे लागत होते.