रॅम्पचे काम आणि पोटकंत्राटदाराचा दर

(नगरपालिका सदस्य, कंत्राटदार, शिक्षक व नागरिक यांच्यासमोर केलेले भाषण)



नगरपालिकेच्या इमारतीसमोरील रॅम्प हे तसे लहानसे काम. परंतु चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या नागरिकाने पायऱ्यांपाशी थांबून कारकुनाला बाहेर बोलवावे, की स्वतः कचेरीत जावे, हे त्यावरच ठरते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने ही सोय उपकार नसून हक्क आहे असे मानले. त्याखालील नियम २०१७ साली निघाले आणि जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करण्याची पाच वर्षांची मुदत २०२२ साली संपली.

असे काम निविदा मागवून दिले जाते. निविदा मिळवणारा मुख्य कंत्राटदार ते पुष्कळदा पोटकंत्राटदाराकडे सोपवतो. सार्वजनिक कामांच्या करारांत त्यासाठी लेखी पूर्वपरवानगीची अट सामान्यतः असते. पोटकंत्राटदार हा बहुधा गावातीलच अनुभवी गवंडी. "रॅम्पचे किती घेणार?" असे विचारताच तो अंदाजाने ठोक रक्कम सांगून मोकळा होतो. घोटाळ्याचे मूळ येथेच आहे.

आपण हिशेब मांडून पाहू. इमारतीचे जोते ६० सेंटिमीटर उंच आहे असे समजा. चढ १:१२ पेक्षा तीव्र नसावा, हे मान्य प्रमाण आहे. म्हणजे रॅम्पची लांबी ७२० सेंटिमीटर हवी. शिवाय वर व खाली खुर्ची वळवण्याइतकी सपाट जागा हवी. ठोक रकमेत हे बसले नाही, की लांबी तोडली जाते. ती ३६० सेंटिमीटर केली, तर चढ १:६ होतो. रॅम्प दिसतो खरा, पण खुर्ची चढत नाही. मग अभियंता मोजमाप पुस्तकात नोंद करण्यास नकार देतो, मुख्य कंत्राटदार पैसे अडवतो आणि सिमेंटची उधारी गवंड्याच्या अंगावर येते. नगरपालिकेशी त्याचा करार नसल्याने तेथे दाद मागणेही कठीण.

म्हणून पोटकंत्राटदारांनी आधी नकाशा व जागा पाहावी आणि मगच दर द्यावा. खोदाई, दगडी सोलिंग, काँक्रीट, खरखरीत लादी, दोन्ही बाजूंचे कठडे, किमान सात दिवस पाणी मारणे, राडारोडा उचलणे, या प्रत्येक बाबीचा दर वेगळा लिहावा. आपल्याकडील पावसात पागोळ्यांचे पाणी पडून रॅम्पवर शेवाळ धरते. तेव्हा पन्हळ व गटाराचा खर्चही धरावा. साहित्य कोणाचे आणि पैसे कोणत्या टप्प्यावर मिळणार, हे लेखी घ्यावे.

नगरपालिकांनीही केवळ नीचतम दरावर भुलू नये. दर अवास्तव कमी वाटल्यास दर-पृथक्करण मागावे. शिक्षकांनी तर विद्यार्थ्यांना दोरी देऊन रॅम्प मोजावयास लावावा. एक हात चढाला बारा हात लांबी, एवढे गणित मुलांना सहज येईल. आणि ज्या कामाचे मोजमाप गावातील मुले करू शकतात, त्यात लांबी चोरण्याचे धाडस सहसा कोणी करणार नाही.