‘हम दोनो’ : एका दुर्लक्षित ध्वनिमुद्रिकेचे रसग्रहण



स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या अध्यापकाला पाचारण केले, की तो एखाद्या संतकवीवर बोलणार, अशी अपेक्षा असते. आज मी मात्र १९६९ साली लंडनमध्ये निघालेल्या एका जॅझ ध्वनिमुद्रिकेविषयी बोलणार आहे. तिचे नाव ‘हम दोनो’. देव आनंदच्या १९६१ मधील चित्रपटाशी तिचा संबंध नाही. यातले दोघे म्हणजे गिटारवादक अमान्सियो डिसिल्व्हा आणि सॅक्सोफोनवादक जो हॅरियट. पहिल्याचा जन्म १९३६ साली मुंबईत, एका गोमंतकीय कुटुंबात झाला. दुसऱ्याचा १९२८ साली जमैकातील किंग्स्टन येथे. दोघांची गाठ पडली ती परक्या लंडनमध्ये.

गोमंतकीय वादक मराठी रसिकाला अपरिचित नाहीत. चर्चच्या शाळांतून पाश्चात्य स्वरलिपी शिकून आलेल्या या मंडळींनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’तील (१९५१) बहारदार साथीमागे चिक चॉकलेट होते. पण त्यांचे सूर घरोघरी पोहोचले आणि नावे मात्र पडद्याआडच राहिली. डिसिल्व्हांना जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींनी उत्तम गिटार घेऊन दिली होती. पुढे ते इंग्लंडला गेले आणि १९६९ मध्ये ‘इंटिग्रेशन’ ही त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. त्याच वर्षी ‘हम दोनो’ आली.

त्या काळी भारतीय संगीत आणि जॅझ यांचा मेळ नवा नव्हता. हॅरियट यांनी स्वतः कोलकात्याचे जॉन मेयर यांच्यासह तसे प्रयोग केले होते. तेथे एका बाजूस सतार-तबला आणि दुसऱ्या बाजूस जॅझची वाद्ये अशी मांडणी होती. ‘हम दोनो’मध्ये सतार नाही, तबला नाही, इतकेच काय, जॅझच्या मैफलीत सहसा असणारा पियानोही नाही. पियानो स्वरसंगतीचा भरणा करतो. तो नसल्यामुळे येथे मोकळी जागा राहते आणि त्या जागेत गिटार एकेरी स्वरांच्या ओळीने चालते. भारतीयत्व वाद्यात नसून स्वराच्या चालीत आहे. हॅरियट यांचा सॅक्सोफोन धारदार, काहीसा आर्त, गिटार संयत. इयन कार यांचे फ्लूगलहॉर्न आणि नॉर्मा विन्स्टन यांचा शब्दांवाचूनचा आवाज यांनी हा संवाद अधिक गहिरा केला आहे. आपल्या आलापीची सवय असलेल्या कानाला शब्दांवाचून गाणाऱ्या आवाजाचे नवल वाटत नाही.

यातील ‘जयपूर’ ही रचना ‘इंटिग्रेशन’मध्येही आहे. एकच बंदीश दोन मैफलींत वेगळी उमलते, तसे या दोन्ही आविष्कारांचे आहे. दोन्ही लागोपाठ ऐकावेत. ‘बॅलड फॉर गोवा’ हे दुसऱ्या एका रचनेचे नावच पुरेसे बोलके आहे.

मग ही कृती उपेक्षित का राहिली? मला कारण दिसते ते असे : तिला हक्काचे घर नव्हते. इंग्लंडच्या जॅझविश्वाला ती परदेशी वाटली आणि आपल्यापर्यंत ती पोहोचलीच नाही. हॅरियट १९७३ मध्ये वारले, डिसिल्व्हा १९९६ मध्ये. डिसिल्व्हांची १९७२ साली मुद्रित झालेली ‘कोंकण डान्स’ प्रसिद्ध व्हायला २००६ साल उजाडले. ती त्यांना पाहता आली नाही.

ज्याला कोणी आपले म्हणत नाही, ते साहित्यातही असेच हरवते. सीमेवरच्या माणसांनी लिहिलेले मराठी आपल्या वाङ्मयेतिहासांत किती आले, याचा विचार बऱ्हाणपूरकरांनी तरी करावा. आपल्या जामा मशिदीत सोळाव्या शतकाच्या अखेरचा अरबी लेख आहे आणि संस्कृत लेखही आहे. दोन्ही भाषा एका छताखाली नांदतात. कोणीही आपली लिपी सोडलेली नाही. ‘हम दोनो’चे सौंदर्य याच जातीचे आहे. तेथे मिश्रण नाही, सहवास आहे. एक वाजवतो तेव्हा दुसरा ऐकतो, आणि मगच बोलतो.

शाळेने आपल्याला वाचायला-लिहायला शिकवले. ऐकायला शिकणे हे पुढचे शिक्षण, आणि ते आयुष्यभर चालते. ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांना हे मान्य झाले असते असा माझा विश्वास आहे. आपण ही ध्वनिमुद्रिका मिळवावी, एकदा ऐकून बाजूला न ठेवता पुन्हा ऐकावी, एवढीच विनंती.